तोंडचा घास

वसुबारसेच्या संध्याकाळी शेवंतीच्या कपाळावर इतके कुंकू साचले होते की तिने मान हलवली की त्याची लाल धूळ पापण्यांवर उतरे. गोठ्यापासून रस्त्यापर्यंत बायकांची रांग लागली होती. भिंतीपलीकडच्या टॉवरमधल्या त्या बायका. हातांत ताटे, ताटांत निरांजन, गूळ, भिजवलेली डाळ आणि कणकेचे गोळे. त्या दिवशी उपवासाच्या बाईने गहू खायचा नसतो. म्हणून सकाळी चुकून मळलेली कणीक, डब्यातल्या पोळ्या, मुलांसाठी तळून उरलेल्या पुऱ्या, असे जे जे गव्हाचे ते सगळे गाईकडे येत होते. आपल्याला वर्ज्य ते तिला अर्पण. यात कुणाला काही खटकले नाही.

माझ्या आईला, कौसाबाईला, तर त्या दिवशी काहीच खटकणार नव्हते. एरवी शेणाच्या वासाची आणि माश्यांची तक्रार घेऊन येणारी तीच माणसे आज तिला काकू म्हणत होती. त्यांच्या मंडळाच्या पुढारी किर्ती मॅडम चप्पल बाहेर काढून गोठ्यात आल्या होत्या, आणि शेपटीला हात लावला तर चालेल का, असे आईला विचारत होत्या. आईने घडीचे लुगडे नेसले होते. ती वासराला कासेपाशी धरून उभी होती आणि प्रत्येकीला गाईचे नाव सांगत होती, जणू घरातली सून दाखवावी.

शेवंती खात होती. गोड कणीक तिने जन्मात इतकी पाहिली नसेल. तिची डावी कूस, जिथे एरवी खळगी असते, तिथे सपाट झाली, मग फुगीर. मी आईजवळ जाऊन हळूच म्हटले, पुरे आता. पण माझे हळू बोलणे न बोलण्यासारखेच असते. आईने माझ्याकडे न बघताच उत्तर दिले, "तोंडाशी आलेला घास मागं घेऊ नये. तिच्या नाय, कोनाच्याच."

वडील अंधार पडता पडता भाताचे भारे घेऊन आले. कापणी अर्धी झाली होती, आणि नदीच्या बाजूने रोज संध्याकाळी ढग चढत होते. त्यांनी भारा उतरवला, गव्हाणीतली न शिवलेली वैरण पाहिली, आणि मूठ आवळून शेवंतीच्या कुशीवर दाबली. मूठ आत गेली ती खूण तशीच राहिली, ओल्या मातीत राहते तशी. माझे वडील रघु कमी बोलतात, आणि त्या वेळी त्यांचे न बोलणे आईच्या लुगड्याकडे बघत होते.

सकाळी शेवंती उभी होती, पण उभी असण्यातच तिचे सगळे बळ खर्च होत होते. नाकपुड्या कोरड्या. दात करकर वाजवीत होती. शेण पाण्यासारखे, आणि त्याला आंबलेल्या ताकासारखा वास. वासरू लुचायला गेले तर तिने पाय झाडला नाही, चाटलेही नाही. गाय आजारी आहे हे मला त्या न चाटण्यावरून कळले. आईने ओवा आणि काळे मीठ कढवून पाजले. वडिलांनी गोडेतेल पाजले. दुपारी ती पुढच्या गुडघ्यांवर आली, क्षणभर तशीच थांबली, देवळात वाकल्यासारखी, आणि मग सगळीच खाली बसली.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ऋता धनत्रयोदशीची सुट्टी असूनही आल्या. माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी काय घातले ते विचारले, आणि आई सांगू लागली तेव्हा तिचा आवाज शब्दागणिक लहान होत गेला. डॉक्टरांनी तिला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या की कणीक पोटात फुगते, आंबते, आणि त्या आंबटाने पोट आतून भाजते. नळी घालून त्यांनी बरेचसे बाहेर काढले, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, शिरेला सलाईन लावले. जवळच्या बाटल्या संपल्या. आणखी लागणार होत्या, आणि बदलापुरात त्या मिळेनात.

मी मोटारसायकल काढून उल्हासनगरला गेलो. दिवाळीचा बाजार. अंबरनाथपासून पुढे रस्ता माणसांनीच वाहत होता. औषधांच्या घाऊक दुकानात काउंटरवर पाच-सहा जण माझ्यापुढे होते, आणि मला पुढे घुसता येत नाही. मी उभा राहिलो. शेवटी सिंधी शेटने माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली आणि विचारले की एवढे सलाईन कुणासाठी. मी म्हटले, गाय. ते पोऱ्यांवर खेकसले, बाटल्या खोक्यात भरवून घेतल्या, आणि मला म्हणाले, "साईं, गाय बैठी है और तू लाइन में खड़ा है? मुँह नहीं है क्या तेरे को?"

ते तोंड नसल्याचे वाक्य खोक्यासोबत पाठीवर बांधून मी परत आलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे टॉवरमध्ये फटाके फुटत होते, आणि आमच्याकडे कुणी उटणे लावले नाही. वडिलांनी आणि मी मिळून शेवंतीला कूस बदलून बसवले. एका अंगावर पडली तर उठणार नाही, म्हणून दोन्ही बाजूंना पेंढ्याने भरलेली पोती लावली. तिचे कान गार होते. आई ते दोन्ही हातांत धरून चोळत होती.

डॉक्टर सकाळीच आल्या. आंबट ओसरले आहे, ताप नाही, श्वास बरा आहे, असे त्या म्हणाल्या. मग कुशीला कान लावून खूप वेळ ऐकत राहिल्या. उठल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हते.

"पोट गप्प आहे," त्या म्हणाल्या. "हलतच नाही. गवत पचवणारे जे जिवंत कण आत असतात ना, ते सगळे मेलेत. माझं औषध ते परत आणू शकत नाही. तिला दुसऱ्या जनावराचा रवंथ द्यावा लागेल. तोंडात आलेला घास काढायचा, कोमट पाण्यात पिळायचा, लगेच पाजायचा. आज. उद्या उशीर होईल."

ही गोष्ट वडिलांना नवी नव्हती. त्यांचे वडीलही असा घास देत. त्यांनी फक्त विचारले, कुणाचा. डॉक्टर म्हणाल्या की गवतावरचे, निरोगी, शांत बसून रवंथ करणारे जनावर हवे. तबेल्यातल्या म्हशी नकोत. त्या पेंड आणि भुशावर असतात, इंजेक्शनांवर असतात. वासरू तर अजून दुधावर. जवळपास कुणाचा बैल?

भिंतीपलीकडे घुंगरांची माळ एकदा वाजली आणि थांबली.

तो पाखऱ्या होता, माझ्या काकाचा शर्यतीचा बैल. आणि पाखऱ्या शेवंतीचा लेक होता.

वाटणी झाली तेव्हा गाय आमच्याकडे आली आणि तिचे खोंड जयदेवकाकाकडे गेले. खोंडाचे दूध तुटले नव्हते. त्या वेळी मध्ये भिंत नव्हती, बांध होता. आई रोज सकाळ-संध्याकाळ शेवंतीला बांधापर्यंत नेई आणि पलीकडून सखूकाकी खोंडाला आणून सोडी. दोघी बायका काही न बोलता उभ्या राहत, आणि खोंड पिऊन घेई. मग काकाने आपला वाटा बिल्डरला दिला. राहते घर आणि पुढचे अंगण तेवढे ठेवले. भिंत उभी राहू लागली तेव्हा वडिलांचे एवढेच म्हणणे होते की नदीवर जाणारी गुरांची वाट सोडा. वाट सुटली नाही. शेवंती तेव्हापासून दाव्यालाच राहिली. म्हणून तर ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातचे खायला शिकली. भिंतीची शेवटची वीट बसली त्या दिवशी वडील शेवंतीच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जयद्याशी एक शब्द बोललो, तर ही गाय मरंल."

शपथ गाईवर होती. आता गाय खाली पडली होती, आणि तिला वाचवायचे तर जयदेवशी बोलायला हवे होते.

"मी जातो," मी म्हटले. बोललो आणि स्वतःच दचकलो.

काकाचे घर भिंतीला लागूनच आहे, पण तिथे जायचे तर रस्त्यावर जाऊन, सोसायटीच्या फाटकातून वळसा घालावा लागतो. फाटकावरच्या वॉचमनने मला थांबवले आणि कुणाकडे, असे विचारले. माझा जन्म त्या घराच्या माजघरात झाला आहे. मी काकाचे नाव सांगितले. त्याने फोन लावून खात्री करून घेतली आणि मला आत सोडले.

पाखऱ्याचा गोठा आमच्या घरापेक्षा नीट होता. खाली रबराची चटई, वर पंखा, दाराला लिंबू-मिरची. बैल पांढराशुभ्र, शिंगे रंगवलेली, आणि काका बनियनवर त्याच्या खांद्याला तेल चोळत होता. मला पाहून त्याने हात थांबवला नाही.

"लांबून," तो म्हणाला. "पाडव्याला शर्यत हाय."

सखूकाकीने चहा आणला. मी कप हातात धरून उभा राहिलो. बोलायचे वाक्य मी वळसा घालताना जुळवून आणले होते. आता त्यातला पहिला शब्द सापडेना. काकानेच विचारले की गाईचा आवाज का येत नाही. मी सांगितले. तेल चोळणारा हात एकदा अडला. पाखऱ्या त्या वेळी मान वर करून, डोळे अर्धे मिटून चघळत होता; त्याच्या गळ्यातून गोळा खाली उतरताना मला दिसला, आणि थोड्या वेळाने दुसरा वर चढताना. आमच्याकडे जे मरून गेले होते ते इथे इतके आपसूक, इतके निवांत चालले होते. मी ते पाहत पाहत, कपाशी बोलल्यासारखा, डॉक्टरांचे म्हणणे सांगितले.

काकाने तेलाची वाटी खाली ठेवली.

"शर्यतीच्या तोंडावर बैलाच्या तोंडात हात घालीत नाय कोन," तो म्हणाला. "रवंथ गेला का दम गेला. वरीस झालं राबतोय याच्यावर. पाडवा होऊ दे, मग ने पायजेल तेवढा."

मी म्हटले की पाडव्यापर्यंत ती राहणार नाही.

"तुझ्या बानं पाठवलं तुला?"

मी मान हलवली. नाही.

"मग? त्याला तोंड नाय काय?"

काकी दारात उभी होती. तिने माझ्या हातातला न प्यालेला कप घेतला आणि भिंतीकडे पाहिले.

परत आलो तेव्हा वडील शेताच्या कडेला बसून विळ्याला धार लावत होते. कापलेले भात ओळींनी पडले होते, आणि नदीवरचा ढग आज दुपारीच काळा होऊ लागला होता. मी काकाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, शेवटचाही. धार लावण्याचा आवाज थांबला नाही. फक्त त्याची लय बिघडली. आई गोठ्यातून आली. तिने कधी नव्हे ते त्यांच्यापुढे उभे राहून म्हटले, "मी जाते. माझी काय शपथ नाय."

"तुला देनार नाय तो," वडील म्हणाले. "माझं तोंड उघडलेलं पायजे त्याला."

"मग उघडा."

"आनी ती गेली तर?"

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. शिकलेला मुलगा म्हणून मी मनात म्हणालो, शब्दाने का गाय मरते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो राग मला पुढे नेता आला नाही. शब्द त्यांच्यासाठी वस्तू होता; ठेवला तिथे राहणारा, जड. ते हट्ट करत नव्हते. ते घाबरले होते.

त्यांनी विळा खोपटाच्या कुडात खोवला. गोठ्यात आले. शेवंतीने मान पेंढ्यावर टाकली होती आणि डोळे आत गेले होते. त्यांनी तिच्या गळ्यातले दावे सोडले. आईला वाटले की संपले, म्हणून गाईला मोकळे करतात. तिने तोंडाला पदर लावला. वडिलांनी ते दावे उचलले, क्षणभर हातात तोलले, आणि स्वतःच्या गळ्यात घातले.

तेव्हा मला कळले. आमच्याकडे जुनी रीत होती, आजोबांच्या वेळची, मी फक्त ऐकलेली: दाव्याला बांधलेली गाय मेली, तर घरधन्याने तेच दावे गळ्यात घालून दारोदार जायचे. तोंडातून माणसाचा शब्द काढायचा नाही. दारात उभे राहून गाईसारखे हंबरायचे, आणि कुणी भीक घालील ती घ्यायची. ती रीत मेलेल्या गाईसाठी होती. वडील जिवंत गाईसाठी निघाले होते.

मी त्यांच्या मागून चाललो. ऊन तापले होते. रस्त्यावर फराळाच्या पिशव्या घेऊन जाणारी माणसे थांबून पाहत होती; कुणीतरी मोबाइल वर केला. दाव्याचे टोक वडिलांच्या छातीवर हलत होते आणि त्याला शेवंतीच्या मानेचे केस चिकटले होते. फाटकावर वॉचमनने विचारले, किसके पास. वडील सरळ बघत उभे राहिले. त्याने पुन्हा विचारले, आणि मग थोडा मागे सरला. मी पुढे झालो आणि म्हटले, "यांच्या भावाकडे." मला वाटते, एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात प्रथमच बोललो.

अंगणात काका बैलाला पाणी दाखवत होता. वडील अंगणाच्या कडेला उभे राहिले. त्यांनी मान खाली घातली, आणि हंबरले.

तो आवाज मी लिहू शकणार नाही. ती नक्कल नव्हती. पाखऱ्याने पाण्यातून तोंड काढले आणि कान टवकारले. काकाच्या हातातली बादली कलंडली, पाणी त्याच्या पायांवरून गेले.

"दादूस," तो म्हणाला. "गेली?"

वडिलांनी मान हलवली. नाही. आणि पुन्हा हंबरले, या वेळी आवाज अर्ध्यात फाटला.

सखूकाकी ओट्यावरून खाली आली. "दावं काढा त्यांच्या गळ्यातलं," ती नवऱ्याला म्हणाली. "मेली तर तुमच्या दारात मेली म्हनतील."

काकाने दाव्याला हात लावला नाही. तो तोंड फिरवून नळावर गेला, साबण घेऊन कोपरापर्यंतचे तेल धुऊ लागला. धूत राहिला. मी त्याची पाठ पाहत होतो. शेवटी तो पाठमोराच म्हणाला, "पोरा, तू भिंतीच्या तुमच्या अंगाला जा. वळसा घालून न्याल तवर घास निवंल. वरून देतो."

मी धावलो. आई कोमट पाणी आणि बांबूचे नळकांडे घेऊन तयार होती. तिला कुणी सांगितले नव्हते. मी भिंतीशी उभा राहिलो. भिंत माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच, वर काचा नाहीत एवढेच नशीब. पलीकडचे काही दिसत नव्हते. फक्त ऐकू येत होते: घुंगरांचा एक झटका, मग शांतता, मग बैलाचा दीर्घ सुस्कारा, म्हणजे तो खाली बसला. मग खूप वेळ काही नाही. बैलाला हुकमाने रवंथ करता येत नाही. त्याचे मन निवावे लागते, आणि त्याच्यापुढे दोन न निवलेली माणसे बसली होती.

मग काकाचा आवाज आला, अगदी हलका, बैलाशी बोलावे तसा. "धर, दादूस. शिंगाच्या बुडाला. आला... आला वर. धर." एक धडपड, चटईवर खूर घासल्याचा आवाज, काकाची शिवी. निसटला होता.

पुन्हा वाट. गोठ्यातून आईने विचारले, आलं का. ढग सूर्यावर आला होता आणि भिंतीची सावली मिटून गेली होती.

आणि भिंतीवरून एक हात आला. वडिलांचा, करंगळीजवळची विळ्याची खूण मी ओळखली. ओंजळीत हिरवट, फेसाळ, वाफाळता गोळा होता. मी दोन्ही हातांनी घेतला. तो इतका ऊन होता की वाटले, काहीतरी जिवंत धरले आहे. त्याला वास होता, ओल्या गवताचा, दुधाचा, पोटाचा. मी धावत गोठ्यात गेलो, आईने तो पाण्यात पिळला, मी परत आलो. दुसऱ्या खेपेला हात वेगळा होता. तांब्याची अंगठी, मनगटापाशी दाताने सोललेली कातडी, आणि हिरव्यात मिसळलेले थोडे रक्त. मी तो घास घेतला तेव्हा काकाची बोटे माझ्या तळव्यावर क्षणभर राहिली. मग पुन्हा वडिलांचा हात. मग पुन्हा काकाचा. पुढे पुढे मला कुणाचा कोणता ते कळेनासे झाले. दोघांचेही हात मनगटापर्यंत हिरवे झाले होते.

आम्ही पाजले. डॉक्टरांनी बजावले होते तसे शेवंतीचे डोके फार वर न उचलता, नळकांडे गालाच्या कडेने सरकवून, थोडे थोडे. पहिले बरेचसे ओठांतून गळून गेले. मग तिच्या घशाने एकदा ओढून घेतले. आई तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. जवळ होतो म्हणून मला ऐकू आले: "तुझ्या लेकाचं हाय गो. पी."

वडील परतले तेव्हा दावे त्यांच्या गळ्यातच होते. त्यांनी ते काढून खुंटीला अडकवले, शेवंतीला बांधले नाही, आणि आम्ही तिघेही शेतात गेलो, कारण भात पडले होते. ढग अंगावर येईपर्यंत आम्ही भारे वाहिले. थोडे भिजले, थोडे वाचले. कुणीही गोठ्याकडे बघायला गेले नाही. बघण्याचीच भीती वाटत होती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो. शेवंती पोत्यांच्या आधाराने बसलेली होती, मान वर. मी तिच्या गळ्याकडे पाहत राहिलो. काही नाही. वासरू ओरडले. काही नाही. मग गळ्याच्या तळाशी कातडीखाली एक गोळा आला, हळूहळू, जुन्या विहिरीतून घागर वर यावी तसा चढला, आणि तिचा खालचा जबडा एका बाजूला सरकला. ती चघळू लागली. मी आईला हाक मारली नाही. मला थोडा वेळ तो आवाज एकट्याने ऐकायचा होता.

पाडव्याला सकाळी ती उभी राहिली. पाय कापत होते, पण तिने वासराला चाटले. त्याच वेळी किर्ती मॅडम ताट घेऊन आल्या. पाडवा, गाईची पूजा. ताटात पुरणपोळी होती, तूप घातलेली. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हते. गाय बरी दिसत नाही, दृष्ट लागली का, असे त्यांनी काळजीने विचारले आणि पोळी तिच्या तोंडाशी नेली. शेवंतीने मान पुढे केली.

आईने मध्ये हात घातला. पोळी घेतली, मोडली, आणि गाईसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडात घातली. तिने तो घास सावकाश चावून गिळला.

"तिच्या वाटचा मी खाल्ला, मॅडम," ती म्हणाली. "पुन्य तुमाला लागलं. आता तिला नुसतं गवत आना."

किर्ती मॅडमच्या चेहऱ्यावर आधी अपमान आला, मग बहुधा आईच्या डोळ्यांत त्यांना काही दिसले. त्या नमस्कार करून गेल्या.

दुपारी पलीकडून टेम्पोचा आवाज आला, ताशे वाजले, गुलाल भिंतीवरून आमच्या अंगणात उडाला. पाखऱ्याला शर्यतीला नेले. वडील दिवसभर झोडणी करत होते, आणि मधूनच हातातली पेंढी तशीच धरून थांबत होते. जिंकून आले की ताशे लांबूनच ऐकू येतात.

संध्याकाळी टेम्पो आला तो गुपचूप. फळी पडली, खुरांचा आवाज झाला, घुंगरे वाजत अंगणातून गोठ्याशी आली. शेवंतीने मान वळवली आणि हंबरली, आजारानंतर पहिल्यांदा. भिंतीच्या त्या अंगाने पाखऱ्याने उत्तर दिले.

वडील भिंतीशी जाऊन उभे राहिले. शपथ अजून होतीच. ती सुटत नाही, आणि ते सोडणारही नव्हते. ते बराच वेळ विटांकडे बघत राहिले. मग गाईकडे वळून, पण भिंतीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "शेवंते, इचार तुझ्या लेकाला. हरला का?"

पलीकडे बैलाच्या पाठीवर थोपटल्याचा आवाज आला.

"पाखऱ्या," काका म्हणाला, "तुझ्या आयशीला सांग. दम कमी नाय पडला. छकड्याचा ड्रायवर कच्चा होता."

थोड्या वेळाने भिंतीवरून हिरव्या गवताची एक पेंढी आली आणि वडिलांच्या पायाशी पडली.